मालदीवची स्कुबा ट्रिप गल्ल्यातून नाही, पगारातून



आज विषय जरा वेगळा आहे, पण शेवटी येणार धंद्यावरच. आमच्या खांदा कॉलनीतल्या बॅचमध्ये दर वेळी पहिल्या दिवशी मी विचारतो, "धंदा नीट चालला तर स्वतःसाठी काय करणार?" पाच वर्षांपूर्वी उत्तर यायचं, गाडी. आता दर बॅचमध्ये दोन-तीन जण तरी म्हणतात, "सर, मालदीव. स्कुबा डायव्हिंग." आणि ते म्हणतात तेव्हा डोळ्यांत खरी चमक असते, त्यामुळे हसण्यावारी नेण्यासारखं ते नाही.

काही ट्रेनर सांगतात, मालदीवचा फोटो भिंतीवर लावा, रोज सकाळी बघा, इच्छा पूर्ण होईल. फोटो बघून समुद्र जवळ येत नाही. तारीख, रक्कम आणि आपण नसताना दुकान कोण उघडणार, या तीन गोष्टी कागदावर आल्या की मात्र जवळ येतो. माझं स्पष्ट मत सांगतो. छोट्या दुकानदाराने मालदीवला जरूर जावं, पण गल्ल्यातून पैसे काढून नाही आणि पहिल्याच वर्षी नाही. आणि तारकर्ली केल्याशिवाय तर अजिबात नाही.

आधी पैशाचं बघू. आकडे मी उदाहरणासाठी धरतोय, तुम्ही तुमचे घाला.

समजा दुकानाची रोजची विक्री 15,000 आहे. महिना साडेचार लाख. मालावर सरासरी 20 टक्के सुटतात, म्हणजे 90,000. त्यातून भाडं 30,000, एका मुलाचा पगार 14,000, लाइट बिल, पिशव्या, चहापाणी, किरकोळ मिळून 10,000. उरले 36,000. म्हणजे विक्रीच्या 8 टक्के. आता दोघांची मालदीव ट्रिप, विमान, राहणं, बोट, डायव्हिंग सगळं धरून 2 लाख पकडा. हे 2 लाख कमवायला तुम्हाला किती माल विकावा लागेल? 25 लाखांचा! साडेपाच महिने शटर वर-खाली केल्यावर जे उरतं, ते सगळंच्या सगळं.

हे ऐकल्यावर बॅचमध्ये शांतता पसरते. कारण रोज संध्याकाळी गल्ल्यात 15,000 दिसतात ना! दोन आठवडे तो गल्ला बाजूला ठेवला की मालदीव झालं, असं वाटतं. पण त्या 15,000 मधले 12,000 होलसेलवाल्याचे आहेत. ते वापरून तुम्ही फिरायला गेलात, तर तुमची सुट्टी त्याने स्पॉन्सर केली आणि त्याला ते माहीतही नाही. परत आल्यावर त्याचा फोन येतो तेव्हा कळतं.

म्हणून मी प्रत्येक व्हिडिओत घसा कोरडा करून सांगतो की मालकाने स्वतःला पगार लावून घ्यावा. वरच्या उदाहरणात 36,000 पैकी 28,000 मालकाचा पगार, 8,000 धंद्यात. सुट्टीचे पैसे 28,000 मधून बाजूला पडले पाहिजेत. महिना 4,000 टाकले तर सहा महिन्यांत 24,000, आणि त्यात पनवेलच्या जोडप्याची तारकर्लीची साधी ट्रिप आरामात बसते. मालदीवच्या 2 लाखांना मात्र 50 महिने लागतील. चार वर्षं फार लांब वाटतात? मग विक्री वाढवून पगार 5,000 ने वाढवा, ते पाचही हजार त्याच खात्यात टाका, 23 व्या महिन्यात 2 लाख ओलांडता. आता हे टार्गेट झालं. दुकानात काय करायला हवं, हे समजायला त्यातून मदत होते.

आणि एक, "सर, बिल फर्मच्या नावावर घेतलं तर?" नका घेऊ. घरगुती सहल हा धंद्याचा खर्च होत नाही आणि वैयक्तिक वापराच्या गोष्टींवर जीएसटीचं इनपुट क्रेडिटही मिळत नाही. परदेशी टूर पॅकेज घेतलंत तर एजंट टीसीएस घेतो. त्याचे दर बदलत असतात, म्हणून बुकिंगच्या दिवशी सीएला विचारा. तो पैसा बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो. पण बुकिंगच्या वेळी हातात लागतो आणि दोन लाखांच्या बजेटमध्ये तो कोणी धरलेला नसतो.

आता समुद्राकडे. इथे आपल्या लोकांचा सगळ्यात मोठा गोंधळ असतो, तो म्हणजे सर्टिफिकेटशिवाय स्कुबा आणि सर्टिफिकेट घेऊन स्कुबा यातला फरक. मालवणला चिवल्यावर किंवा तारकर्लीला जे आपण करतो, ती ओळखीची डुबकी. इन्स्ट्रक्टर धरून नेतो, मासे दाखवतो, व्हिडिओ काढतो, वर आणतो. पोहता आलं नाही तरी चालतं. जगभर अशा ओळखीच्या डाइव्हला जास्तीत जास्त 12 मीटरची मर्यादा मानतात. याउलट पाडीसारख्या संस्थेचा ओपन वॉटर कोर्स केलात की 18 मीटरपर्यंत, जोडीदारासोबत, स्वतःच्या जबाबदारीवर उतरता येतं. त्याला तीन-चार दिवस लागतात, अभ्यास असतो, तलावातला सराव असतो, समुद्रात चार डाइव्ह असतात. न थांबता 200 मीटर पोहून दाखवावं लागतं आणि 10 मिनिटं तरंगावं लागतं. (आपल्यातल्या निम्म्या दुकानदारांचं घोडं इथेच अडणार. पनवेल-खारघरमध्ये जलतरण तलाव आहेत. सकाळी सहाला जा, दुकान दहाला उघडतं.)

मालदीवमधल्या नावाजलेल्या डाइव्हच्या जागा, म्हणजे पाण्याखालचे डोंगर आणि दोन बेटांमधल्या प्रवाहाच्या खिंडी, बऱ्याचदा नवख्याला झेपणाऱ्या खोलीच्या खाली असतात आणि प्रवाह जोरात असतो. तिथला नियमही कडक आहे. सुट्टीतल्या डायव्हरला 30 मीटरच्या खाली जायची परवानगी नाही. म्हणजे कोर्स न करता गेलात, तर विमानाचं, बोटीचं, डॉलरमधलं सगळं भाडं भरून वरच्या 12 मीटरचंच दृश्य बघणार. कामोठ्यातल्या माझ्या एका विद्यार्थिनीला, तिचं कुर्त्यांचं दुकान आहे, एका एजंटने पॅकेज दिलं होतं: पाच रात्री पाण्यावरचा व्हिला, "स्कुबा फ्री". मी तिला एकच प्रश्न विचारायला सांगितला, किती डाइव्ह आणि किती मीटर? उत्तर आलं, एक, आणि ती व्हिलाच्या समोरच. दुकानात "एकावर एक फ्री" लावणाऱ्यांना तरी हे ओळखता आलं पाहिजे!

म्हणून क्रम असा लावा. पहिल्या वर्षी तारकर्ली, ओळखीची डुबकी. कान दुखतात का, घाबरायला होतं का, मुळात हे आवडतंय का, ते कळतं. बऱ्याच जणांना नाही आवडत. मग 2 लाख वाचले, आनंदाने दुसरीकडे जा. आवडलं तर पोहणं शिका आणि कोर्स करा. एमटीडीसीची तारकर्लीला स्कुबाची खास संस्थाच आहे, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कुबा डायव्हिंग अँड अ‍ॅक्वाटिक स्पोर्ट्स, लोक तिला इस्दा म्हणतात. तिथे शिकण्याची सोय आहे, शिकवणारे आपल्या भाषेत बोलतात. शंका मराठीत विचारता येणं ही पाण्याखाली जाण्याआधी फार मोठी गोष्ट आहे. तिसरी सोयही असते. अभ्यास आणि तलावातला भाग इथे करायचा, रेफरलचा कागद घ्यायचा आणि बारा महिन्यांच्या आत समुद्रातल्या चार डाइव्ह मालदीवला करायच्या. तिथले दिवस वाचतात.

जाताना कोकण रेल्वेने जा. पनवेलला कोकणकन्या किंवा तुतारी पकडली की कुडाळला उतरायचं, पुढे मालवण तासाभरावर. गाडीने जाणाऱ्यांसाठी मात्र एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. डायव्हिंगनंतर रक्तात जास्तीचा नायट्रोजन विरघळलेला असतो. लगेच उंचावर गेलं तर तो बुडबुड्यांच्या रूपात सुटू शकतो आणि त्याचा आजार होतो. म्हणून विमानाचा नियम आहे: एक डाइव्ह केली असेल तर किमान 12 तास, अनेक केल्या असतील तर किमान 18 तास थांबायचं. घाट चढणंही उंचावर जाणंच आहे. कोर्सची शेवटची डाइव्ह सकाळी करून त्याच दुपारी "कोल्हापूरला तांबडा-पांढरा खाऊ आणि हायवेने येऊ" म्हणत फोंडा घाट चढू नका. एक रात्र मालवणात काढा, तिथेही मासे चांगलेच मिळतात.

आणि बोटीत बसण्याआधी प्रश्न विचारा. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. त्यामुळे बोटीत किती माणसं बसवणार, लाइफ जॅकेट अंगावर घालायचं की बाकाखाली ठेवायचं, ऑक्सिजन किट आहे का, हे विचारायला लाजू नका. घासाघीस दुकानात करा, इथे नको. सर्दी असेल तर उतरूच नका, कान मोकळे होत नाहीत. दमा, हृदयाचा त्रास, बीपी असेल तर फॉर्मवर खरं लिहा आणि आधी डॉक्टरांना भेटा. परदेशात जाताना प्रवासाच्या विम्यात स्कुबा धरलेलं आहे का ते बघा, बऱ्याच साध्या पॉलिसींमध्ये नसतं. तिथे दाबाची उपचार-खोली कुठे आहे हेही माहीत हवं. माले शहराजवळच्या बांडोस बेटावर एक आहे.

तारखा. इथे आपण दुकानदार लोक नोकरदारांपेक्षा नशीबवान आहोत, फक्त आपल्याला ते कळत नाही. नोकरदार मे महिन्यात आणि दिवाळीत निघतो, म्हणजे सगळ्यात महाग वेळी. आपला धंदा नेमका तेव्हा जोरात असतो, त्यामुळे आपली सुट्टी आपोआप गर्दीच्या बाहेर पडते.

मालदीवमध्ये साधारण डिसेंबर ते एप्रिल कोरडा काळ, मे ते नोव्हेंबर पावसाळी. आता आपल्या पंचांगाकडे बघा. पौषात लग्नं नसतात. कापडवाले, भांडीवाले, डेकोरेशनवाले, सगळे माश्या मारत बसतात. नाताळ आणि नवीन वर्षाची महाग गर्दी ओसरली की जानेवारीचा मधला काळ हा या लोकांसाठी अगदी बरोबर. समुद्र शांत, पाणी स्वच्छ, दुकान रिकामं. माझं स्वतःचं स्टेशनरी आणि स्कूल बॅगचं दुकान, मे-जूनमध्ये श्वास घ्यायला वेळ नसतो, पण जानेवारीत मीही मोकळा असतो. किराणावाल्यांनी महिन्याचा पहिला आठवडा सोडावा, पगार झालेले असतात. जीएसटी महिन्याला भरणाऱ्यांनी 11 आणि 20 तारीख डोक्यात ठेवावी. 21 ला निघालं आणि 28-29 ला परत आलं की दोन्ही साधतं.

दुसरा काळ पितृपक्ष. आपल्याकडे त्या पंधरा दिवसांत लोक नवीन खरेदी टाळतात आणि लगेच पुढे नवरात्र-दिवाळीची धावपळ. बहुतेक मालक या पंधरवड्यात दुकानात बसून फोन बघतात. मालदीवला तेव्हा पावसाळी हवा असते, एखाद-दुसरी बोट रद्द होऊ शकते, पाणी थोडं गढूळ. पण खोल्यांचे दर खाली असतात. आणि पाणी गढूळ का असतं? त्यात प्लवक वाढलेलं असतं, ते खायला मंटा रे येतात. बा अटॉलमधल्या हनिफारू खाडीत जून ते नोव्हेंबरमध्ये त्यांचे थवे जमतात. इथे एक सावधगिरी. हनिफारूमध्ये स्कुबाला बंदी आहे, फक्त स्नॉर्केलिंग करता येतं. कोणी "हनिफारू स्कुबा पॅकेज" विकत असेल तर त्याने ती जागा पाहिलेली नाही. आपलं मालवण या बाबतीत उलटं: मेच्या शेवटापासून ऑगस्टअखेर पाण्यातले खेळ बंद, आणि पाणी चांगलं नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

राहायचं कुठे, यावर माझं मत ठाम आहे. पाण्यावरचा व्हिला नाही, गावातलं गेस्ट हाउस. मालदीवचं पहिलं रिसॉर्ट, कुरुंबा, 1972 मध्ये सुरू झालं आणि पुढची तीन-साडेतीन दशकं पर्यटक फक्त रिकाम्या बेटांवरच्या रिसॉर्टमध्ये राहायचे. कायदा बदलल्यावर 2009-10 च्या सुमारास साध्या लोकवस्तीच्या बेटांवर गेस्ट हाउस निघाली. माफुशी हे बेट तर त्यावरच उभं राहिलं. कोणाची चार खोल्या, कोणाची स्पीडबोट, कोणाची डाइव्ह शाळा. आपल्या मालवणच्या न्याहारी-निवाससारखंच, माणसंही तशीच समुद्रावर पोट असलेली. मला विचाराल तर उद्योजकाने डोळे उघडे ठेवून बघावी अशी ही जागा आहे. 2023 मध्ये मालदीवला सर्वांत जास्त पर्यटक भारतातून गेले, दोन लाखांहून जास्त. जानेवारी 2024 मध्ये ते राजकीय भांडण झालं, सोशल मीडियावर बहिष्कार सुरू झाला आणि त्या वर्षी आकडा सव्वा लाखाच्या आसपास आला. चार खोल्यांच्या मालकाने त्या वर्षी काय केलं असेल? गिऱ्हाईक एकाच गावचं असेल तर काय होतं, हे मी क्लासमध्ये फळ्यावर लिहून सांगतो. तिथे चहा पिता पिता विचारता येईल.

गेस्ट हाउसचे दर बघताना मात्र आपली दुकानदारी वापरा. वेबसाइटवर दोघांसाठी 60 डॉलर दिसतात. त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज धरा, 66 झाले. त्यावर पर्यटन जीएसटी, जो जुलै 2025 पासून 17 टक्के आहे, 77 च्या वर गेले. शिवाय ग्रीन टॅक्स, जानेवारी 2025 पासून 50 खोल्यांपर्यंतच्या गेस्ट हाउसला माणशी रात्री 6 डॉलर, दोघांचे 12. म्हणजे 60 ची खोली 89 ला पडली. डाइव्हच्या दरातही टॅक्स आत की बाहेर, उपकरणांचं भाडं आत की बाहेर, हे लेखी मागा.

बाकी गोष्टी पटकन. भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, फी नाही. जाण्याआधी 96 तासांच्या आत इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, तोही फुकट असतो, पैसे मागणाऱ्या साइट खोट्या. गावातल्या बेटांवर दारू मिळत नाही आणि सोबत नेता येत नाही. पोहण्याच्या कपड्यांसाठी वेगळा किनारा ठरवलेला असतो. पूजेच्या मूर्ती नेण्यावरही त्यांच्या कस्टमची बंदी आहे, पाकिटातला छोटा गणपती घरीच ठेवा. शुक्रवारी सरकारी फेरीबोटी बहुतेक बंद, त्या दिवशी बेट बदलायचा बेत नको. परतीचं विमान शनिवारी दुपारी असेल तर शेवटची डाइव्ह शुक्रवारी सकाळीच संपवा, वर सांगितलेले 18 तास आठवा.

राहिलं दुकान. पुन्हा तोच हिशोब. आठ दिवस शटर बंद ठेवलं तर रोजचा 3,000 चा गाळा गेला, म्हणजे 24,000. भाडं आणि पगार चालूच. मुलाने दुकान चालवलं आणि विक्री एक तृतीयांश घटली तरी नुकसान 8,000. फरक 16,000 चा. यातले दोन-तीन हजार त्या मुलाला बक्षीस द्यायला काय हरकत आहे? आधी सांगून द्या, आल्यावर आठवण झाली म्हणून नाही.

"माणसं विश्वासाची नाहीत हो सर," हे वाक्य मी दर बॅचला ऐकतो. बऱ्याचदा माणूस बरा असतो, त्याच्या हातात काही दिलेलंच नसतं. क्यूआर कोड मालकाच्या फोनला जोडलेला, पैसे आले का हे मुलाला कळतच नाही, प्रत्येक गिऱ्हाइकामागे तो फोन करतो. साउंडबॉक्स घ्या, संपला प्रश्न. ₹500 पर्यंतची बदली किंवा परतावा त्याने स्वतः ठरवायचा. नवीन उधारी त्या आठ दिवसांत कोणालाच नाही, अगदी तुमच्या मेहुण्यालाही नाही. दहा दिवसांचा माल भरून ठेवा, चेक आधी देऊन ठेवा. रोख रोज संध्याकाळी घरच्या कोणीतरी मोजून वहीत सही करावी. आणि मालदीवच्या सहा महिने आधी तालीम करा. दोन दिवस अलिबागला जा, फोन बंद. परत आल्यावर काय अडलं ते लिहून काढा. 15 मीटर खाली रेंज नसते, "दादा, त्या निळ्या बॅगचा रेट काय?" हे विचारायला कोणी तुम्हाला गाठू शकणार नाही. स्कुबाची मला आवडणारी गोष्ट हीच आहे.

आता गृहपाठ. गेल्या दोन वर्षांची रोजची विक्री काढा आणि तुमच्या दुकानाचे सगळ्यात मंद सलग आठ दिवस कोणते ते शोधा. पुढच्या व्हिडिओत मी माझ्या दुकानाचे आकडे स्क्रीनवर टाकून ते कसे शोधायचे ते दाखवणार आहे, तेव्हा तुमची वही शेजारी असू द्या.